वाटेवरचा दगड

तीन वर्षांपूर्वीची लक्ष्मीपूजनाची रात्र. फटाक्यांचा धूर खाली बसला होता, गल्लीतली दारे एकेक करून लागत होती आणि आमच्या ओट्यावरच्या पणत्या विझत आल्या होत्या. मी अंथरुणावरून उठलो, बाहेर जाऊन एकेक पणती वाकून पाहिली, वातींना बोट लावून त्या गार झाल्याची खात्री करून घेतली आणि परत येऊन पडलो. पाठ टेकते न टेकते तोच मनात आले, कोपऱ्यातली पणती आपण पाहिली का? तिच्या शेजारी लाकडी खांब आहे. खांबावरून ठिणगी माळ्यावर गेली तर? माळ्यावर जुनी पुस्तके आहेत, पलीकडे भिंतीला भिंत लावून शेजाऱ्यांचे घर आहे आणि त्या घरात सहा महिन्यांचे मूल आहे. मी पुन्हा उठलो.

चौथ्या की पाचव्या वेळी पत्नी झोपेतूनच म्हणाली, "अहो, विझल्यात सगळ्या. मी पाहिलंय." तेवढ्या आधारावर दहा मिनिटे गेली. मग मी विचारले, "कोपऱ्यातली पण?" ती म्हणाली, "हो, कोपऱ्यातली पण." आणखी दहा मिनिटे गेली. पुढे तिचा आवाज येईनासा झाला, आणि माझ्या फेऱ्या चालूच राहिल्या.

शेवटच्या फेरीला बाहेर आलो तो पायरीवर कुणीतरी बसलेले. माझी नऊ वर्षांची मुलगी आईची शाल पांघरून, विझलेल्या पणत्यांकडे तोंड करून बसली होती. मला पाहून ती मोठ्या माणसासारखी म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपा. मी बघते."

आणि वाचकहो, सांगायला लाज वाटते, पण मी खरोखरच आत गेलो आणि गाढ झोपलो.

सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना पत्नी एवढेच म्हणाली, "पोर दोन वाजेपर्यंत बाहेर बसली होती. मी उचलून आत आणली." ती अधिक काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मला झोप का लागली, हा प्रश्न त्या पाडव्याला माझ्या मनात जो शिरला तो काही केल्या निघेना. पणत्या माझ्या फेऱ्यांच्या आधीही विझलेल्याच होत्या. नऊ वर्षांच्या मुलीने त्यांच्याकडे पाहत बसल्याने त्या अधिक विझल्या, असे नाही. मग तिच्या दोन शब्दांनी असे काय झाले, जे माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटांनी झाले नव्हते? मी शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. माझ्या नावापुढे विद्यापीठाची पदवी नाही. परंतु शोध घेण्याची खोड आहे. शब्दकोश उशाशी घेऊन जी पुस्तके मिळाली ती वाचली आणि ध्यानात आले, की माझ्या ओट्यावरच्या त्या रात्रीला पाच शतकांचा इतिहास आहे. तो इतिहास या दिवाळीच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवतो.

*

आपल्या भाषेत या दुखण्याला एक सुरेख शब्द आहे: मंत्रचळ. हात पुन्हा पुन्हा धुणारा, कुलूप ओढून ओढून पाहणारा, तीच गोष्ट दहादा विचारणारा माणूस मंत्रचळा. शब्दाची फोड सरळ आहे. मंत्र म्हणताना काही चुकले, एखादे अक्षर सुटले आणि त्यामुळे माणूस चळला. हा शब्द ज्याने घडवला त्याने रोगाचे मर्म ओळखले होते, असे मला वाटते. मंत्र चुकला तर अनर्थ होईल आणि तो माझ्यामुळे होईल, ही धास्ती त्या शब्दाच्या पोटात आहे. नुसती भीती तर सापालाही वाटते. मंत्रचळ्याची भीती निराळी असते. अनर्थ होईल यापेक्षा तो माझ्या हातून होईल, हे त्याला सहन होत नाही.

युरोपातही या दुखण्याचे पहिले नाव धर्माच्याच दारी पडले. लॅटिन भाषेत 'स्क्रूप्युलस' म्हणजे लहानसा टोकदार खडा. चपलेत शिरलेला खडा जसा पावलोपावली टोचतो, तशी ज्याची सदसद्विवेकबुद्धी टोचत राहते, त्या माणसाच्या दुखण्याला चर्चच्या पंडितांनी या खड्याचे नाव दिले.

या खड्याचा एक थोर रोगी म्हणजे इग्नेशियस लोयोला. जेझुइट संघाचा हा संस्थापक. त्याचा सहकारी फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला आणि त्याच संघातल्या फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली मराठीत छापले गेले, तेव्हा हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. तो मूळचा शिपाई. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि बिछान्यावर पडल्यापडल्या त्याचे मन पालटले. १५२२ साली मोन्सेरातच्या मठात त्याने आपल्या साऱ्या आयुष्यातील पापांची कबुली लिहून काढून दिली. ती द्यायला तीन दिवस लागले. इतके झाल्यावर माणसाने हलके व्हावे. पण जवळच्या मानरेसा गावी राहू लागल्यावर त्याला वाटू लागले, काहीतरी सांगायचे राहिले. पुन्हा कबुली, पुन्हा शंका. अखेर धर्मगुरूने सांगितले, की जुने पाप अगदी स्पष्ट असेल तरच सांग, नाहीतर सांगू नकोस. आता गंमत पाहा, त्या बिचाऱ्याला सगळीच पापे अगदी स्पष्ट वाटत! ज्या आज्ञेने सुटका व्हायची, तीच नवी बेडी झाली. यातना इतक्या वाढल्या की जीव द्यावा असे वाटण्यापर्यंत मजल गेली.

तो सुटला कसा, हे त्याने उतारवयात सांगून लिहून घेतलेल्या आत्मचरित्रात आहे. गेलेल्या गोष्टींची कबुली म्हणून पुन्हा द्यायचीच नाही, असा निश्चय त्याने एके दिवशी केला आणि तो पाळला. पुढे आपल्या साधनेच्या पुस्तकात त्याने एक बारीक भेद सांगितला आहे. वाटेत दोन काड्या एकमेकींवर आडव्या पडून क्रूस झालेला आहे आणि चालताना चुकून त्यावर पाय पडला. हे पाप झाले असे एखाद्याने खरोखरच मानले, तर तो नुसता चुकीचा समज. पण पाप झाले असे वाटते आणि झाले नाही असेही वाटते, या दोहोंच्या मध्ये मन लटकत राहते, तो खरा खडा. शेवटच्या फेरीला मला पणत्या विझल्या आहेत हे ठाऊक होते आणि ठाऊक नव्हतेही. त्या शिपायाला माझी रात्र पाचशे वर्षे आधी दिसली होती.

त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी इंग्लंडात जॉन बन्यन झाला. त्याचे 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हरि केशवजींनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणले. आम्हा कादंबरीवाल्यांच्या वंशावळीत त्या पुस्तकाचे नाव आदराने घेतात. बन्यन हा फुटक्या भांड्यांना डाग देणाऱ्या कारागिराचा मुलगा आणि स्वतःही तोच धंदा करणारा. धर्मोपदेशासाठी बेडफर्डच्या तुरुंगात असताना त्याने आत्मवृत्त लिहिले, ते १६६६ साली प्रसिद्ध झाले. त्यात तो सांगतो, की ख्रिस्ताला विकून टाक, असा एक विचार त्याच्या मनात येऊ लागला. जेवताना, टाचणी उचलताना, लाकूड तोडताना, केव्हाही. तो विचार त्याला नको होता. नाही, नाही, असे तो तासन्‌तास मनाशी म्हणत राही. अखेर एके दिवशी दमून गेल्यावर मनाने जणू होकार दिला आणि तेवढ्यावरून आपण देवाचा विश्वासघात केला, आता आपल्याला क्षमा नाही, या समजुतीत पुढची दोन-अडीच वर्षे त्याने जळत काढली. हातून काहीच घडले नव्हते. नुसता एक विचार आला होता. पण आलेल्या विचारालाही आपणच जबाबदार आहोत, असे त्याने धरले होते.

*

एकोणिसाव्या शतकात हे दुखणे धर्मगुरूकडून वैद्याकडे आले. पॅरिसच्या एस्किरोल नावाच्या डॉक्टरने १८३८ साली मनोविकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात चौतीस वर्षांच्या एका बाईची हकीगत आहे. तिचे नाव त्याने दिले नाही, फक्त 'फ' हे आद्याक्षर दिले. ही बाई व्यापारी घरात वाढलेली. अठराव्या वर्षी एकदा मावशीच्या घरून निघताना तिच्या मनात आले, आपल्या खिशातून मावशीची एखादी वस्तू तर आपण नेत नाही ना? पुढे दुकानाचे हिशेब लिहिताना एका आकड्याच्या जागी दुसरा पडेल आणि गिऱ्हाइकाचे नुकसान होईल, या धास्तीने तिला फार वेळ लागू लागला. त्याच्याही पुढे पैशाला हात लावला की बोटाला काही मोलाचे चिकटून राहिले असेल, असे वाटू लागले. बोटाला नाणे चिकटले तर कळणार नाही का, असे लोक समजावीत. तिलाही ते पटे. आपली भीती वेडगळ आहे हे ती स्वतःच सांगे, प्रसंगी हसेही. पण हात धुतल्याखेरीज आणि बोटे झटकल्याखेरीज तिला राहवत नसे.

वाचकहो, या बाईच्या भीतीकडे जरा नीट पाहा. आपल्याला कुणी लुटील ही तिची भीती नव्हती. आपल्या हातून दुसऱ्याचे दिडकीचेही नुकसान होऊ नये, ही होती. असा दुकानदार मिळाला तर आपण गावभर त्याची कीर्ती सांगू. सद्‌गुण आणि रोग यांच्यातली भिंत किती पातळ असते, हे एस्किरोलच्या त्या दोन-तीन पानांत दिसते.

पुढची कथा व्हिएन्नाची. १९०७ सालच्या ऑक्टोबरात एक तरुण वकील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे उपचाराला आला. फ्रॉइडने १९०९ साली त्याच्यावर दीर्घ निबंध लिहिला. त्यातल्या एका प्रसंगावरून या लेखाला नाव दिले आहे. ज्या स्त्रीवर त्याचे प्रेम होते ती त्या दिवशी गाव सोडून जाणार होती. रस्त्याने जाताना या तरुणाच्या पायाला एक दगड लागला. त्याच्या मनात आले, काही तासांनी तिची गाडी याच रस्त्याने जाईल, या दगडावर चाक आदळून तिला इजा झाली तर? त्याने दगड उचलून कडेला ठेवला. थोडे पुढे गेल्यावर त्याला वाटले, हे काय खुळ्यासारखे केले! आणि तो परत फिरला, दगड उचलला आणि पुन्हा रस्त्याच्या मधोमध, होता तिथे नेऊन ठेवला.

फ्रॉइडने याचा अर्थ लावला तो प्रेम आणि द्वेष यांच्या झगड्याचा. दगड काढला तो प्रेमाने, परत ठेवला तो मनाच्या तळाशी दडलेल्या रागाने. तो अर्थ आज सर्वांना मान्य नाही. मला त्या गोष्टीत दुसरेच दिसते. त्या रस्त्याने किती माणसे गेली असतील! त्यांनाही तो दगड दिसला असेल. ती चालू लागली आणि विसरली. या तरुणाला मात्र दगड दिसला त्या क्षणी तो त्याचा झाला. आता काढला नाही तर गाडी उलटण्याचा दोष त्याचा, आणि काढला तर मूर्खपणा त्याचा. हा तरुण पुढे पहिल्या महायुद्धात मारला गेला. फ्रॉइडने १९२३ साली निबंधाला जोडलेल्या टिपेत तसे लिहून ठेवले आहे. किती दगडांचा भार त्याने एकट्याने वाहिला असेल, कोण जाणे.

*

फ्रॉइडनंतर अर्धशतकाहून अधिक काळ हे दुखणे बरे न होणारे म्हणूनच गणले जाई. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने दोन रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. त्याचा उपाय ऐकायला साधा, सोसायला कठीण. ज्याची धास्ती वाटते त्याला सामोरे जायचे आणि त्यानंतरचा विधी, म्हणजे ते धुणे, ते पाहणे, करायचे नाही. धुण्याचे वेड असलेल्या बाईच्या खोलीतले नळसुद्धा बंद ठेवले होते. पुढे १९७४ पर्यंत मायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पंधरा जणांवर हा उपाय केला. त्यांतल्या दहा जणांना भरपूर गुण आला, उरलेल्यांना थोडाफार. मला मानरेसाचा तो शिपाई आठवला. त्यानेही दुसरे काय केले होते?

पण हे का होते, याचा उलगडा अजून व्हायचा होता. १९७८ साली लंडनमध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डिसिल्व्हा यांनी निरोगी माणसांना विचारले, की नको असलेले, भलतेसलते विचार तुमच्या मनात येतात का? पाचांतल्या चौघांनी होय म्हटले. कड्यावर उभे असता उडी मारावी, हातातल्या मुलाला खाली टाकावे, देवघरात असता शिवी यावी, असले विचार ज्याच्या त्याच्या मनात डोकावून जातात. शहाण्या माणसाच्या मनात येतात तेच मंत्रचळ्याच्याही मनात येतात. मग एकाला झोप येते आणि दुसरा उठून बसतो, तो कशाने?

याचे उत्तर पॉल साल्कोव्स्किस या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९८५ सालच्या एका निबंधात मांडले. तो म्हणतो, की विचार रोग निर्माण करीत नाही, विचाराला आपण जो अर्थ देतो तो करतो. हा विचार माझ्या मनात आला, आता अनर्थ टाळणे माझ्या हाती आहे, टाळता येत असून मी टाळला नाही तर तो मीच केल्यासारखे होईल. असे ज्याच्या मनाने घेतले, त्याला स्वस्थ बसता येत नाही. जबाबदारीची ही जी फुगलेली जाणीव, तीच या रोगाची वात आहे. तेल पुष्कळांच्या पणतीत असते.

हे वाचले आणि मला नदीकाठचे ते देऊळ आठवले. आठ वर्षांपूर्वी आमच्या वर्गाची सहल तिथे गेली होती. परत निघताना मी मुले मोजली. बेचाळीस हवीत, एकेचाळीस भरली. पुन्हा मोजली, एकेचाळीस. मी घाटाच्या पायऱ्यांवरून पाण्याकडे पाहिले. ती दहा मिनिटे मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. पोरगा देवळामागे चिंचा वेचीत होता. "सर, तुम्हाला पण आणल्यात," असे म्हणून त्याने मूठ पुढे केली. काही झाले नाही. कुणी मला बोलले नाही. पण त्या दिवसापासून मी मोजू लागलो. आधी मुले मोजली, मग वर्गाच्या खिडक्या, मग घरची कुलुपे, गॅसची बटणे, पणत्या. जगातला कुठलाही दगड दिसला की तो माझा होऊ लागला.

साल्कोव्स्किसच्या म्हणण्याची कसोटी पुढे पुष्कळांनी घेतली. त्यातली एक कॅनडातल्या व्हँकुव्हरची. सिंथिया लोपाट्का आणि तेच रॅकमन यांनी १९९५ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुन्हा पुन्हा तपासण्याची खोड असलेल्या रोग्यांना त्यांनी लेखी करार करून दिला, की यातून काही वाईट घडले तर त्याची जबाबदारी सर्वस्वी आमची. एवढे झाल्याबरोबर रोग्यांची तपासण्याची ओढ उतरली. कुलूप तेच, शेगडी तीच, आगीचा संभवही तेवढाच. बदलले होते ते एवढेच, की भार दुसऱ्याच्या खांद्यावर गेला होता.

ते पान मी दोनदा वाचले आणि पुस्तक मिटले. पाडव्यापासून जो प्रश्न टोचत होता त्याचे उत्तर मिळाले होते. त्या रात्री ओट्याच्या पायरीवर माझ्या मुलीने माझ्याशी तोच करार केला होता. तिने सही केली नव्हती, "मी बघते," एवढेच म्हटले होते. माझी पणत्यांविषयी खात्री मुळीच पटली नव्हती. मी फक्त माझा दगड उचलून नऊ वर्षांच्या पोरीच्या ओंजळीत ठेवला होता आणि झोपायला गेलो होतो.

*

आणखी एक गोष्ट कळली, ती तर फारच चमत्कारिक. तपासल्याने खात्री वाढत नाही, उलट घटते. २००३ साली नेदरलंड्‌समध्ये मार्सेल व्हान डेन हौट आणि मेरेल किंट यांनी निरोगी तरुणांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा चालू-बंद करून तपासायला लावली. शेवटी विचारले, की मघाशी कोणती बटणे तपासलीत? उत्तरे जवळजवळ बरोबर होती. पण आपल्याला नक्की आठवते, असा भरवसा त्यांच्यापाशी उरला नव्हता. आठवण फिकी, पुसट झाली होती. एकदा पाहिलेले लक्षात राहते, वीसदा पाहिलेले कालचे की आजचे तेच कळेनासे होते. माझी पत्नी मला "विझल्यात" असे म्हणे, ते प्रेमानेच म्हणे. परंतु त्या प्रेमाने माझी तहान भागत नव्हती, वाढत होती.

आता कुणी विचारील, मग माणसाने जबाबदारी घेऊच नये की काय? मास्तराने मुले मोजू नयेत? तसे नव्हे. मोजलीच पाहिजेत. पहिली मोजणी मुलांसाठी असते. पाचवी मात्र मास्तर स्वतःसाठी करतो, आपल्यावर ठपका येऊ नये म्हणून. पाचव्यांदा मोजताना मला मुलांचे चेहरे दिसत नसत, नुसती डोकी दिसत. एका सहलीत एक मुलगी तापाने फणफणलेली बसच्या मागच्या बाकावर पडली होती. तिला मी चार वेळा मोजले होते. तिच्या अंगाला हात लावला तो दुसऱ्या मुलीने.

तसेच, हा रोग सर्वस्वी जबाबदारीच्या जाणिवेनेच होतो, असेही कुणी समजू नये. तो काही घराण्यांत अधिक दिसतो, मेंदूच्या घडणीचाही त्यात वाटा आहे आणि काहींना तर गोष्ट नीट जुळल्यासारखी वाटत नाही एवढ्याच बेचैनीने तो छळतो. औषधांनी पुष्कळांना गुण येतो. म्हणून घरात असे कुणी असेल तर त्याची थट्टा करू नये आणि त्याला उपदेशही करू नये. फ बाईला जगातला सारा उपदेश आधीच पटलेला होता. त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

मी गेलो, तो त्या पाडव्यानंतर महिन्याभराने. जिल्ह्याच्या ठिकाणी एक वयस्क डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी माझे सर्व ऐकून घेतले, काही दिवस औषधही दिले. पण मोठे औषध दिले ते माझ्या पत्नीला आणि मुलीला. "सर पुन्हा विचारतील," त्या म्हणाल्या, "तेव्हा हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. याचं उत्तर मी देणार नाही, एवढंच म्हणायचं. आणि ताई, तू तर बघायला मुळीच जायचं नाहीस. ते तुझं काम नाही." मुलीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलेले मला दिसले. तिच्या ओंजळीतला दगड त्या दिवशी मी परत घेतला.

पहिल्या रात्री फार कठीण गेल्या. "कुलूप लागलंय ना?" असे मी विचारावे आणि अंधारातून "याचं उत्तर मी देणार नाही" असे यावे. एकदा तर मी चिडून म्हणालो, "मग लग्न कशाला केलंस?" त्यावर ती हसली आणि थोड्या वेळाने मीही हसलो. छातीत धडधड होई. पण ती ओढ आपोआप ओसरते, हे लंडनच्या त्याच रॅकमननी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७६ साली रोग्यांजवळ घड्याळ घेऊन बसून पाहिले आहे. बहुतेकांची दोन-तीन तासांत उतरते. माझी पहिल्या रात्री पहाटेपर्यंत टिकली, आठव्या रात्री तासाभरात गेली. न उठता गेली, हे महत्त्वाचे.

आजही मी अगदी कोरा झालो आहे असे म्हणणार नाही. वाटेत दगड दिसतात. काही उचलण्यासारखे असतात, ते मी उचलतो. बाकीचे रस्त्याचे, रस्ता बांधणाऱ्यांचे आणि गाडीवानाचेही आहेत, हे स्वतःला सांगून पुढे जातो. गेल्या लक्ष्मीपूजनाला मी रात्री दोनदा उठलो होतो. यंदा एकदाच उठायचे ठरवले आहे. एकदा उठणे हे घरधन्याचे कामच आहे.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. या वर्षी पणत्या लावायचे काम तिने मागून घेतले आहे. परवा ती वाती वळता वळता म्हणाली, "बाबा, या किती वेळ जळतील?"

मी म्हणालो, "तेल असेल तोवर."

"आणि मग?"

"मग आपोआप विझतील. कुणी बघत बसायला नको."

तिने एकवार माझ्याकडे निरखून पाहिले आणि पुढची वात वळायला घेतली.